बोलतं करण्याची फी

बाई, मेसची दुपारची पंगत उठली, भांडी झाली, ओटा कोरडा केला आणि मी ही वही घेऊन बसले. तुम्ही गेलात त्याला तीसेक वर्षं झाली. मधल्या काळात तुमची आठवण आली नाही असं नाही, पण माझं बरं चाललं होतं, आणि बरं चाललेल्या माणसाजवळ मेलेल्यांसाठी उदबत्तीपुरतीच जागा असते. आता बरं चाललेलं नाही. माझी धाकटी लेक तुम्ही पाहिली नाही. तिनं बोलता-ऐकता न येणाऱ्यांना बोलतं करण्याची डिग्री घेतली, त्यासाठी बँकेचं कर्ज काढलं, आणि आता ते कर्ज फेडण्यापायी लोकांना बोलतं करायचंच सोडून दिलं. यात बँकेचा दोष आहे, तुटपुंजा पगार देणाऱ्यांचा आहे, माझा तर आहेच आहे. थोडासा तुमचाही आहे. तेवढं सांगायला बसले. रागावू नका, आणि रागावलात तरी तुमची छडी आता काही माझ्यापर्यंत पोचत नाही.

तुम्ही भातकुलीकडच्या आमच्या गावात बदलून आलात तेव्हा मी चौथीत होते. माझं नाव कोणी विचारलं की पहिलंच अक्षर दातांमागे असं अडकायचं, की विचारणारा कंटाळून दुसऱ्या पोरीकडे वळायचा. गावात मला तोतरी म्हणत. तुमच्या आधीच्या मास्तरांनी मला मागच्या रांगेत बसवलं होतं आणि वर्षभर एक प्रश्न विचारला नव्हता; त्यांना वाटे आपण पोरीवर दया करतोय. तुम्ही शाळेमागच्या खोलीत एकट्या राहत होतात. जन्म होस्टेलात गेलेला, त्यामुळे पुस्तकं ढीगभर आणि भाकर मात्र येत नव्हती. मला अजून दिसते तुमची ती चूल. मी वह्या द्यायला आले आहे, तुमच्या हातातली भाकर तव्यावर पडता पडता तीन ठिकाणी फाटली आहे, आणि तुम्ही तिच्याकडे नापास पोराकडे बघावं तशा बघताय. मी वह्या खाली ठेवल्या, पिठाचा पुढचा उंडा घेतला आणि परातीत थापायला लागले. दहा वर्षांच्या पोरीला आमच्याकडे तेवढं येतंच. थापता थापता बोलले, “बाई, पीठ जुनं हाये, त्याची विरी गेली, चिकटत नाही, गरम पाण्यात भिजवा लागते.”

तुम्ही एकदम म्हणालात, “काय म्हणालीस? पुन्हा म्हण.” मी घाबरून हात थांबवला आणि लगेच शब्दही थांबला. तुम्ही तिथेच ओळखलंत. “हात थांबवू नको पोरी. थापत राह्य अन् बोलत राह्य.” त्या दिवसापासून रोज शाळा सुटली की मी तुमच्या चुलीपाशी. तुम्ही समोर वाचनमाला धरून बसायच्या, मी एका थापेला एक शब्द असं वाचायची. आधी पिठावर, मग नुसत्या मांडीवर, मग मांडीवरही नाही, फक्त मनात. तुम्हाला कोणी हे शिकवलं नव्हतं. कुठल्या पुस्तकातही वाचलं नव्हतं तुम्ही. फाटलेल्या भाकरीतून तुम्हाला सापडलं ते.

वैशाख पौर्णिमेला विहारात मी सगळ्यांसमोर एकटीनं वंदना म्हटली. एकदाही अडकले नाही. माझ्या आईनं पदर तोंडात कोंबला होता, रडणं बाहेर येऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पायलीभर तूर घेऊन तुमच्या दाराशी आली. घरात तेवढीच होती ती, बाई, हे तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही डोळे मोठे केलेत. “हे काय आणलं? उचला. मी फुकट शिकले. होस्टेल फुकट, पुस्तकं फुकट, स्कॉलरशिपवर शिकले. माझ्यावर समाजाचं देणं आहे, ते मी फेडून राहिले. लेकराच्या जिभेचे पैसे घेतले तर मी तोंड कोणाला दाखवू?” आई तूर उचलून परत निघाली. मी तिच्या मागे मागे. विहिरीपाशी आल्यावर ती म्हणाली, “घेतली असती तं काय बिघडलं असतं व? माह्यापाशी कोणाले देयाले रोज रोज असते का काही?” त्यानंतर ती तुमच्या दारी कधी आली नाही. मी मात्र तुमच्या बाजूची होते. मला तुमचं ते वाक्य पाठ झालं. लेकराच्या जिभेचे पैसे घेत नाही. एखाद्या गाथेसारखं मी ते जन्मभर म्हणत आले.

पुढचं थोडक्यात सांगते. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न होऊन अमरावतीला आले. मालक एसटीच्या वर्कशॉपात होते, ते गेल्यावर मी पोरांची मेस घातली. या वीसेक वर्षांत जे शिकले ते मेसच्या पोरांनी टाकून दिलेल्या पुस्तकांतून. वार्षिक परीक्षा झाली की पोरं पुस्तकं माझ्या ओट्यावर टाकून गावी जात, आणि मी दुपारी बसून वाची, जे कळेल ते कळेल, न कळेल ते दुसऱ्या वर्षी कळेल. धाकटीला मी राजाराणीच्या गोष्टी कधी सांगितल्या नाहीत, तुमची आणि भाकरीचीच सांगितली. ती बारावीत असताना मेसच्या एका पोरानं जेवता जेवता सांगितलं, की मावशी, तुम्ही सांगता त्याची तर डिग्रीच असते, बोलणं आणि ऐकणं सुधारायची, चार वर्षांची. धाकटीचा घास हातातच राहिला. मला तर वाटलं, तुम्हीच त्या पोराच्या तोंडून बोललात.

पुण्याला प्रवेश मिळाला तो शेवटच्या फेरीत, मॅनेजमेंटच्या जागेवर. तिथं स्कॉलरशिप लागत नाही हे आम्हाला पैसे भरायच्या वेळी कळलं. तुमच्या वेळी सरकार बोलवून शिकवत होतं. हिच्या वेळी खिडकीतून रकमेचा कागद आला. बँकेतला साहेब भला माणूस होता, पण त्याला कोर्सच कळेना. “म्हणजे डॉक्टर?” त्यानं विचारलं. धाकटी म्हणाली, “नाही सर.” “नर्स?” “नाही सर. स्पीच आणि हिअरिंग.” “मग शिकून झाल्यावर पगार किती?” धाकटी फॉर्मची पानं चाळायला लागली. मीच म्हणाले, “साहेब, लेकरू बोलतं झाल्यावर मायबाप काय पाहिजे ते देतात.” साहेब हसला आणि त्यानं शिक्का मारला. सहा लाख. बाई, ते वाक्य माझ्या तोंडून अडकल्याशिवाय निघालं होतं आणि त्यात काडीचं खरं नव्हतं, कारण मायबाप काय देतात ते घ्यायचं नाही असं तर मी तिला पाळण्यापासून शिकवलं होतं.

ती शिकत होती तेव्हाही व्याज वाढत होतं. आम्हाला वाटलं होतं, पोर शिकेपर्यंत बँक हात आखडून बसते. हात आखडत नाही, नुसता दाखवत नाही. हप्ता सुरू व्हायच्या वेळी सहाचे जवळजवळ आठ झाले होते. महिन्याला दहा हजार आठशे. आणि नोकरी? मोठ्या दवाखान्यांत गेली की विचारत, मास्टर्स केलंय का? त्याला आणखी दोन वर्षं आणि आणखी कर्ज. शाळांत बोलवत ते तासावर, सुट्ट्यांचे पैसे नाहीत. शेवटी अकोल्याला जठारपेठेत कानाच्या मशीनच्या एका दुकानात लागली, सोळा हजारांवर. खोलीचं भाडं, डबा आणि हप्ता एवढं गेलं की हातात जे उरे त्यात ती महिन्यातून दोनदा घरी येई आणि मला विचारी, “आई, मेसचं बरं चाललंय ना?” विचारायचं मी होतं, विचारायची ती.

एकदा भरीत-भाकर घेऊन मी अकोल्याला तिच्याकडे गेले. पांढरा कोट घालून ती बाळापूरच्या एका बुढ्याचे कान तपासत होती. काचेच्या खोलीत त्याला हेडफोन लावून बसवलं होतं. “बाबाजी, कुई असा आवाज आला की बोट वर करा.” बुढ्यानं बोट वर केलं ते वरच. “आवाज थांबला की खाली करा ना बाबाजी!” “मले वाटलं सारं एकदाच निपटून टाकू.” त्याचा लेक बाहेरून ओरडला, “बाबा, नीट आयका ना बाप्पा!” तर बुढा म्हणतो, “तू बोंबलू नको. तुया बोंबलण्यापाईच बहिरा झालो मी.” आम्ही सगळे हसलो, दुकानाचा मालकही हसला. मग धाकटीनं त्या लेकाला सांगितलं की साधं मशीन पुरेल. मालकानं तिला हाक मारून आत नेलं. ती बाहेर आली आणि कोटाची बाही नीट करत म्हणाली, दादा, तसं महागातलं जास्त टिकतं. लेकानं बापाकडे पाहिलं, बापाला ऐकू आलं नव्हतं. तो माझ्याकडे बघून आपला हसतच होता.

जेवताना तिनं भाकर मोडली आणि तशीच ठेवली. “आई, स्वस्तातलं दिलं की मला वर काही सुटत नाही, आणि मालकाचं तोंड महिनाभर वाकडं. मी लेकरांना बोलायला शिकवायचं शिकले होते गं. इथं दिवसभर बोट वर, बोट खाली.” मग म्हणाली, “निदान रविवारी तरी मला माझं काम करू दे. आपल्या समोरच्या खोलीत. लेकरं यायला लागली तर सहा महिन्यांत दुकान सोडीन.” बाई, तिचं सगळं त्या एका वाक्यावर टांगलेलं होतं. मला ते तेव्हा कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणून मी सुटणार नाही.

खोली आम्ही दोघींनी पांढरी केली. मोठा आरसा लावला, चित्रांचे तक्ते, पिपाण्या, साबणाचे फुगे. दारावर पाटी. फी तीनशे. ती म्हणाली, “आई, फी तू घेत जा. मला मागताना जीव कसानुसा होतो.” मी म्हणाले, “अन् मले नाही होत?” “तू मेसवाली आहेस. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या तर पोराच्या मागे गेटपर्यंत जातेस.” तेही खरं. अन्नाचे पैसे मी कधी सोडले नाहीत, त्याबद्दल तुमचा काही नियम नव्हता.

पहिल्याच रविवारी भातकुलीची एक बाई आली, मजुरीची, बरोबर पाच वर्षांची पोर. पोरीला ‘माय’ सोडून दुसरा शब्द नव्हता. आत तासभर धाकटी जमिनीवर बसून तिच्याशी फुगे फुगे खेळली. बाहेर त्या बाईनं मोबाइलच्या कव्हरमागून घडी घातलेल्या तीन नोटा काढल्या आणि माझ्यापुढे धरल्या. मी हात पुढे केला, आणि बाई, खरं सांगते, तुम्हीच समोर उभ्या राहिल्यात, डोळे मोठे करून. मी म्हणाले, “ठेव व माय. लेकराच्या जिभेचे पैसे आमी घेत नाही.” ती म्हणाली, “अन् त्या मॅडम काही म्हणतीन तं?” “मॅडमची माय मीच हाये.” तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला. संध्याकाळी धाकटीनं विचारलं, “फी दिली का गं त्यांनी?” मी म्हणाले, “आज नव्हते म्हणे तिच्यापाशी. पुढच्या येळी देतो म्हणाली.” धाकटी म्हणाली, “बरं.”

असे आठ महिने. कधी सहा लेकरं, कधी आठ. ज्याची फी हातात पडे त्याला मी गेटाशी गाठून ती परत हातात कोंबायची, आणि धाकटीला दर वेळी नवं काही सांगायची: याच्या घरी आजारपण आहे, त्याच्या बापाचा पगार अडकलाय. एखाद्या रविवारी दोन-तीनशे पुढे ठेवायची, अगदीच संशय येऊ नये म्हणून. मला वाटे, तिचा पगार आहे, हप्ता निघतोच आहे, त्यावर पुण्य जोडतोय आपण. हे झालं सांगायचं कारण. आतलं वेगळं होतं. लोक मला माउली म्हणायला लागले होते. भाजीवालीपाशी उभी राहिले तर कोणीतरी म्हणे, याच त्या, लेकरांचे पैसे घेत नाहीत. जन्मभर ज्या तोंडाला लोक हसले त्या तोंडाचं कौतुक होत होतं, बाई. ते मला गुळापेक्षा गोड लागलं. आणि ते कौतुक मी माझ्या लेकीच्या मेहनतीतून विकत घेत होते.

फुकटाचं एक असतं, ते माणसाला बांधून ठेवत नाही. लेकरं यायची तशी गळायला लागली. धाकटी शनिवारच्या गाडीनं अकोल्याहून यायची, सकाळी न्हाऊन खोलीत बसायची, आणि चार जणांची वेळ दिलेली असताना दोघे यायचे. भातकुलीची पोर ‘पाणी दे’ म्हणण्यापर्यंत आली आणि तिची आई यायची बंदच झाली. धाकटीनं दोनदा फोन लावला, तिनं उचलला नाही. ती मला समजावून सांगायची, की आई, तुझ्या बाईंनी जे केलं ते आमच्या पुस्तकातही आहे, ताल धरला की अडकणारा माणूस बोलतो. पण ताल सुटला की अडकणं परत येतं. खरं काम त्याच्यापुढचं, वर्षभराचं. तेवढं टिकायला माणसं पाहिजेत. हे तिनं सांगितलं तेव्हा मला तुमचा राग नाही आला, वाईट वाटलं. तुम्ही मला बरं केलंत असं मी जगाला सांगत आले, ते पुरतं खरं नाही. परक्यासमोर, साहेबासमोर मी अजून अडकते. गेल्या दिवाळीच्या आधी बँकेतून फोन आला, धाकटीचा हप्ता दोन महिने चुकला होता, घरचा नंबर माझा. मी ‘ह’वर अडकले. पलीकडचा पोरगा घाईत होता, त्यानंच माझं वाक्य पुरं केलं: “हप्ता भरता का? हां हां, हप्ता भरा मॅडम, उद्यापर्यंत.” मला म्हणायचं होतं, हप्ता चुकला कसा?

चुकला कारण दुकानातली तिची वरची कमाई आटली होती. ती पुन्हा स्वस्तातली मशीन द्यायला लागली होती. तिनं मनाशी धरलं होतं, की दुकानात तोंडाला काळं लावायचं नाही, तेवढं रविवारवर भरून निघेल. ज्या दिवशी मला हे कळलं त्या दिवशी मी आत जाऊन कांदे चिरत बसले. रविवारचं सगळं हातात पडलं असतं तर एका हप्त्याला थोडंच कमी पडलं असतं. मी मेसवाली आहे, बाई. हा हिशेब मला बोटांवर येत होता, पण इतके दिवस मी बोटं मिटून ठेवली होती.

आणि तरीही बोलले नाही. एका रविवारी कोणीच आलं नाही. धाकटी आरशासमोर बसली होती, फुग्यांच्या बाटलीचं झाकण लावत, काढत. म्हणाली, “लोकांना याची किंमतच नाही, आई. दात दुखला तर हजार देतील. लेकरू बोलत नाही तर म्हणतात बोलेल पुढे. मीच खुळी. चार वर्षं घालवली, आठ लाख केले, आणि ज्याचे तीनशेही कोणी देत नाही ते शिकून आले.” मी तिथंच दारात उभी होते. लोक देत होते. आठ महिने प्रत्येक जण देत होता, मजुरीची बाई मोबाइलच्या मागून काढून देत होती. एका वाक्यात मी तिला तिचं मोल परत करू शकले असते. मी म्हणाले, “चहा टाकू का?”

पाटी तिनंच काढली. जठारपेठेतल्या मालकानं तिला आता फिरतीवर घातलंय. आठवडाभर तालुक्यातालुक्यांतून दवाखान्यांना मशीनची माहिती देत हिंडते, बाळापूर, अकोट, तेल्हारा. पगार वाढला, हप्ता वेळेवर जातो. लेकरांशी काही संबंध नाही. तुम्हाला वाटेल, मग झालं की बरं. नाही झालं. फोनवर तिचा आवाज आता मशीनच्या माहितीपत्रकासारखा येतो, सगळं बरोबर, एकही शब्द चुकीचा नाही. मी हसवायला गेले तर हसते, पण पाहुण्यांसमोर हसतात तसं. समोरच्या खोलीत मी मेसच्या पोत्यांचा साठा केला आहे. आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

बाई, आता तुमच्यावर रागावते, पहिल्यांदाच आणि शेवटचं. तुम्ही फुकट शिकलात म्हणून फुकट शिकवलंत. माझी लेक विकत शिकली. तुमचा पगार एक तारखेला येत होता, आणि तुमच्या डोक्यावर जे देणं होतं त्याला व्याज नव्हतं. कोणी फोन करून विचारत नव्हतं, समाजाचा हप्ता भरला का म्हणून. एवढं तरी तुम्ही मला सांगायला हवं होतं. आणि दुसरं. तुम्ही खरंच काही घेतलं नाहीत का? दोन वर्षं रोज संध्याकाळी माझ्या हातच्या दोन भाकरी तुम्ही खाल्ल्यात. गरम, फुगलेल्या. तुम्ही त्याला फी म्हणाला नाहीत, मीही म्हणाले नाही, पण घेत होतात तुम्ही, आणि मी आनंदानं देत होते, म्हणूनच रोज येत होते. माझ्या आईनं आणली तेवढी तूर तुम्हाला नको झाली. तिचं देणं तुम्ही परत पाठवलंत आणि ती तुमच्या दाराला कायमची मुकली. मी तेच केलं, आठ महिने, गेटाशी उभी राहून. तुमच्याकडून मी चांगलं तेवढं घ्यायला हवं होतं. मी सगळंच घेतलं.

हे सगळं कळायला मला एक भेट लागली. दोन महिन्यांपूर्वीची. धाकटी घरी येऊन परत अकोल्याला निघाली होती, बॅग खांद्याला, चप्पल पायात, आणि दारातून मागे वळली. म्हणाली, “आई, काल येताना स्टँडवर भातकुलीच्या ताई भेटल्या. पोर आता शाळेत जाते. मी विचारलं, येणं का बंद केलं? तर म्हणाल्या, मॅडम, तुमची माय कवाच पैसे घेत नव्हती. आमी काय भिकारी हावो का? फुकटात किती दिवस यावं, मंग लाज वाटे.” मग बॅगचा पट्टा सारखा करत तिनं विचारलं, अगदी हळू, “आई, सगळेच देत होते का?”

मी तोंड उघडलं. ‘म’ म्हणाले आणि अडकले. म, म, म. तिनं बॅग खाली ठेवली. माझ्याकडे बघत राहिली, घाई नाही, डोळ्यांत राग नाही. अडकलेल्या माणसाचा शब्द आपण पुरा करायचा नसतो, त्याला वेळ द्यायचा, हे तिनंच मला सांगितलं होतं. किती वेळ दिला तिनं मला. एवढा वेळ बँकेनं दिला नाही, कोणी दिला नाही. शेवटी तिनं बॅग उचलली आणि म्हणाली, “राहू दे आई. गाडी चुकेल.”

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणून लिहिता आलं. जिला पोचेल तिला मी एक ओळ लिहू शकलेले नाही. ती दिवाळीला येईल तेव्हा ही वही ओट्यावर उघडी ठेवावी असं मघाशी वाटलं होतं. ठेवणार नाही. पिठाच्या पोत्यांमागे टाकून देईन, तिकडे ती जात नाही. तुम्हालाच सांगते. अडकणं खरं कोणतं आणि सोंगाचं कोणतं हे ओळखायला चार वर्षं शिकली आहे ती, तेव्हा तिनं ओळखलंही असेल. त्या दिवशी माझा शब्द अडकला नव्हता, बाई. ‘मीच’ एवढाच तर होता. तोंडात अगदी मोकळा, तयार उभा होता.